गोधडी क्रमांक दोन: अकराव्या फेऱ्यावरून परत आठव्यावर

मागच्या वेळी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की गोधडीचा अकरावा फेरा, म्हणजे कडेनं फिरत घातलेली टाक्यांची अकरावी ओळ, पूर्ण झाला. तो आता झालेला नाही. नववा, दहावा आणि अकरावा असे तीन फेरे शनिवारी सकाळी उसवले. पोहे आणि जिलबी बाजूला गार होत होती आणि मी ब्लेडनं टाके कापत बसलो होतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मोजमाप. तळाला आईची जुनी सुती साडी, लांबीत तिपदरी घडी घालून. साडेपाच मीटरची साडी तीन पदरी केली की साधारण 72 इंच लांब आणि 45 इंच रुंद चौकट मिळते, कापावं काहीच लागत नाही. वर ठिगळं जोडतोय कवंदीच्या पद्धतीनं. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका शिवतात तशी, बाहेरच्या कडेनं सुरुवात करून फिरत फिरत आत. ठिगळाच्या कडा दुमडायच्या आणि धावदोरा सगळ्या पदरांतून एकदमच घालायचा. आपल्याकडे बरेच जण आधी वरचा थर पूर्ण जोडून मग टाके घालतात. मला ते परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास केल्यासारखं वाटतं.

पहिला फेरा जवळजवळ सहा मीटरचा असतो. दोन फेऱ्यांत पाऊण इंच सोडलं की पुढचा प्रत्येक फेरा सहा इंचांनी आखडतो. अकरावा साडेचार मीटरच्या आत येतो. असे तीस फेरे झाले की मधोमध 27 इंचांची एक रेघ उरेल. त्या रेघेवर काय बसवायचं हा प्रश्न डोक्यात आहेच, पण तो पुढचा.

बिघडलं कुठे? कोपऱ्याजवळ महेश्वरी साडीची ठिगळं होती, तिथे चुण्या पडल्या आणि मधला भाग पापडासारखा फुगला. आधी मी दोष महेश्वरीला दिला. रेशमी ताणा (उभे धागे), सुती बाणा (आडवे), त्यामुळे कापड हलकं आणि सुईखाली निसटतं, हे खरंच आहे. जुन्या साडीत ताणा घडीवर तुटलेला असतो, तेही खरं. पण चूक माझी होती. बाहेरून आत शिवत आलो की पदरांमधला सगळा ढिलेपणा ढकलला जाऊन मध्ये साचतो. म्हणून आधी मधून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालून तिन्ही पदर एकमेकांत अडकवून घ्यायचे असतात. मी कंटाळा केला होता. "पदर काही पळून जात नाहीत," असं आईला ऐकवलंही होतं. पदर पळाले.

शिवाय दोरा. हातभर लांबीचाच घ्यावा, हे पहिल्या गोधडीत शिकलो होतो आणि दुसऱ्या गोधडीत विसरलो. लांब दोरा ओढताना हात आपोआप जास्त ताणतो.

जाड सुती दोरा संपलाच होता, म्हणून अकराच्या सुमारास रामबागेतून चालत निघालो. जानेवारीतलं इंदूरचं ऊन पाठीवर घेत चालण्यासारखं असतं. कृष्णपुऱ्याला छत्र्यांपाशी नेहमीसारखा थांबलो. होळकर घराण्यातल्या कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या या समाध्या. शेजारून जाणाऱ्या नदीकडे मात्र फार वेळ पाहवत नाही. महेश्वरीच्या काठांवरची चटई, वीट आणि लहर ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्यावरच्या कोरीवकामावरून आली असं सांगतात. ते डोक्यात असलं की इथल्या प्रत्येक दगडी पट्टीत काठ दिसायला लागतो. वहीत दोन पट्ट्या काढून घेतल्या. माझं चित्र वाईट आहे, पण अंतरं बरोबर उतरली.

पुढे होळकरांचा राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. जड खाली, हलकं वर. जाड सुतीवर महेश्वरी बसवण्याचा माझा बेतही तोच, असं म्हणून स्वतःची समजूत घातली. (1984 मध्ये हा वाडा आगीत जळाला होता, हे समजूत घालताना आठवायचं नसतं.) बजाजखान्यात दोऱ्याच्या दोन लड्या घेतल्या, एक पांढरी, एक गेरूच्या रंगाची. दुकानदारानं विचारलं, "भिया, गादी भरवा रहे हो क्या?" गोधडी आणि तीही मी स्वतः शिवतोय म्हटल्यावर त्यानं एक मेणाचा खडा फुकट दिला. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता कमी होतो, ते त्यालाही माहीत होतं. शीतलामाता बाजारात शिरायचा मोह टाळला. घरी चिंध्यांचे दोन पेटारे असताना नवीन कापड घेणं म्हणजे निव्वळ चैन. चिंधी टाकायची हिंमत तशीही होत नाही. हे विष्णू चिंचाळकर गुरुजींचं गाव आहे, टाकाऊतून चित्रं करणाऱ्या माणसाचं. आणि कचरागाडीवाल्यापुढे कोणता डबा न्यायचा यावर रोज सकाळी घरात चर्चासत्र होतं ते वेगळंच.

दुपारी कच्चे टाके. जमिनीवर साडी पसरून, चारही कोपऱ्यांवर पाटे आणि वरवंटे ठेवून, मधून बाहेर. दीड तास आणि गुडघे गेले.

चार वाजता सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक. आईचं आणि माझं सभासदत्व रामूभैया दाते गटातलं. (बाहेरच्यांसाठी: मामा मुजुमदार, राहुल बारपुते, वसंत आणि बहार हे बाकीचे चार. एकच नाटक पाचही गटांसाठी होतं, म्हणून इंदुरात "तुझा गट कुठला?" हा प्रश्न गोत्र विचारल्यासारखा येतो.) नाटक बाहेरगावच्या मंडळींचं होतं. कामं चांगली होती, पण माझा पहिला अंक वाया गेला. नेपथ्यात गरीब घरातली खाट आणि तिच्यावर गोधडी. तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडला तसं माझ्या लक्षात आलं की ती गोधडी नव्हेच, ठिगळांचं चित्र छापलेली चादर! कुठेही टाका नाही, कुठे उंचसखल नाही. नायक बापाच्या आठवणीनं ती छातीशी धरून रडला आणि मी रांगेत चुळबुळत राहिलो.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत आई म्हणाली, "गोधडीला इस्त्री केली होती रे."

"तुला पण दिसलं?"

"घडीच्या रेघा होत्या की. गोधडीला कुठे घडी बसते?"

त्यानंतर तिचा मूड बरा दिसला म्हणून 27 इंचांच्या रेघेचा विषय काढला. तिच्या जांभळ्या महेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि ती साडी तिनं कित्येक वर्षांत नेसलेली नाही. "हात लावून बघ," एवढंच म्हणाली. तर मधल्या रेघेसाठी दुसरा काठ कुणाकडे असेल तर कळवा. रुंदी दोन बोटं पुरे. रंग कच्चा नको. पांढरा ओला रुमाल घासून बघावा.

रात्री घरी आल्यावर नववा फेरा पुन्हा धरला. चार टाके सुईवर घ्यायचे, मग ओढायचं, हात सैल ठेवून. कोपरा सपाट बसला. तळहात फिरवून पाहिला, फुगा नाही. पावणेअकराला पाणी प्यायला उठलो, परत येतो तर आई सोफ्यावर अर्धी गोधडी अंगावर घेऊन झोपलेली. नववा फेरा हातभर बाकी होता आणि सुई त्याच दोऱ्यात, कुठेतरी तिच्या गुडघ्यापाशी. तिला उठवून, उभं करून, दिव्याखाली सुई सापडेपर्यंत जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.