शिल्लक कोणी मोजली?

परभणीच्या मोंढ्यात एका आडत दुकानात मी हिशेब लिहितो. दिवसभर पट्ट्या, हमाली, तोलाई, बाजार फी. रात्री जेवण झालं की मोबाइलवर धान्याच्या बातम्या वाचायची खोड आहे, त्यातही ज्वारीच्या. बायको म्हणते, दिवसभर तेच अन् रात्रीबी तेच.

मधे एफएओचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, तक्ते चाळत बसलो होतो. बाहेरून धान्य आणल्याशिवाय ज्यांचं भागत नाही अशा गरीब देशांकडे गहू किती शिल्लक, मका किती, ज्वारी किती, मागच्या सालापेक्षा कमी की जास्त. मला पहिला प्रश्न पडला तो मुनीमाचा. ही शिल्लक मोजली कोणी?

बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. जुन्या शिल्लकेत यंदाचं पीक आणि आयात मिळवायची, खाणं, बियाणं, जनावरं, नासधूस, निर्यात वजा करायची, उरेल तो साठा. गव्हाचं एक बरं असतं. तो बंदरात उतरतो, गोदामात पडतो, प्रत्येक ठिकाणी कागद होतो. ज्वारी शेतातून घरात येते आणि घरातून गिरणीत जाते. पीक किती ते अंदाजानं, लोकांनी खाल्ली किती तेही अंदाजानं, आणि या दोन अंदाजांची वजाबाकी म्हणजे साठा. समजा पीक 100 पोती धरलं आणि शिल्लक 10 निघाली. प्रत्यक्षात पीक 95 पोतीच आलं असेल तर शिल्लक थेट 5. पिकाचा अंदाज थोडासा चुकला आणि साठा निम्मा झाला! आमच्या सेठजींसमोर अशी शिल्लक ठेवली तर ते वही मिटवतील आणि म्हणतील, आधी गोदामात जाऊन थप्पी मोजून ये.

एफएओच्या माणसांना हे कळत नाही असं नाही. त्यांचाही इलाज नाही, कारण ज्वारीची थप्पी एका जागी नसतेच. सुदानचं बघा. जगात सगळ्यात जास्त ज्वारी खाणाऱ्या देशांपैकी हा एक. शहरातली माणसं गव्हाचा पाव खातात, तो गहू बहुतेक बाहेरून येतो. खेड्यात ज्वारी. गदारिफ भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे आणि तिथले शेतकरी ज्वारी जमिनीत खड्डे करून पुरून ठेवतात. त्याला मतमोरा म्हणतात. वाचलं आणि मला आजोळचं पेव आठवलं. पांढरीत खोल खणलेलं, आतून कडबा लावलेला, तोंडावर दगड आणि माती. उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही. आत कोंडलेल्या हवेनं माणूस जातो, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. कडेची ज्वारी बुरशीनं गेलेली असायची, मधली खणखणीत. त्या ज्वारीच्या भाकरीला वास यायचा, पण अवर्षणाच्या साली वासाचं कोण बघतं?

15 एप्रिल 2023 ला सुदानात यादवी सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध गेझिऱ्यात पोचलं, जिथं कालव्याच्या पाण्यावर गहू आणि ज्वारी दोन्ही होतात. ऑगस्ट 2024 मध्ये दारफुरातल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. अशा देशाच्या नावापुढं ज्वारीच्या साठ्याचा आकडा दिसला की मी त्याकडे नुसता बघत बसतो. खड्डे लुटले गेले असतील, मालक परागंदा झाला असेल, पेरणीच झाली नसेल. यातलं कोणतं वजा केलं आणि कोणतं राहिलं?

बरं, साठा संपला तर बाहेरून आणता येईल का? गहू येतो, तांदूळ येतो. ज्वारी जगात सुमारे 6 कोटी टन पिकते, पण बाजारात फिरते ती थोडी, आणि त्यातली बहुतेक जनावरांच्या खाद्याला. 2015 साली एकट्या चीननं एक कोटी टनांच्या आसपास आयात केली, डुकरं-कोंबड्यांसाठी आणि थोडी दारूसाठी. 2025 मध्ये शुल्काच्या भांडणात त्यानं अमेरिकेची ज्वारी घेणं जवळजवळ थांबवलं, आणि कॅन्सासच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. अमेरिकेची यूएसएड ही संस्था, जिच्यामार्फत त्यांची ज्वारी सुदानसारख्या देशांना मदत म्हणून जायची, तीही अमेरिकेच्या सरकारनं त्याच वर्षी मोडीत काढली. एकीकडं ढीग, एकीकडं उपासमार, आणि मधला आडत्याच गायब. आम्हाला लोक शिव्या घालतात, पण मधला माणूस नसला की काय होतं ते यात दिसतं. (हे मी आडतीच्या पगारावर जगतो म्हणून म्हणतोय असं समजा हवं तर.)

हे सगळं लांबचं वाटत असेल तर 1972 आठवा. तेव्हा बाहेरच्या धान्यावर भागवणारा गरीब देश आपणच होतो. मराठवाड्यात घराघरातली पेवं, कणग्या रिकाम्या झाल्या आणि रेशनवर मिलो आली. जहाजातून आलेली लाल ज्वारी. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती सांगते, "भाकर थापाया गेलं की तडकायची. लाल दिसायची. लेकरं आधी ताटाकडं बघायची, मग आमच्या तोंडाकडं." पुढं कळलं की अमेरिकेत ही ज्वारी मुख्यतः जनावरांना घालतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय झालं, जगलो की."

आता आपल्याकडे काय आहे? अन्न महामंडळाकडे 1 जुलैला 411.2 लाख टन धान्य हवं असा नियम आहे, पण ते गहू आणि तांदूळ. ज्वारीचं त्यात नाव नाही. म्हणजे ज्वारीचा साठा जो काय असेल तो घरातच. आणि घरात तो उरलेला नाही. देशातला ज्वारीचा पेरा 1960 च्या सुमाराला 1 कोटी 80 लाख हेक्टरांच्या आसपास होता, आता 40 लाखांवर आलाय. खरिपाची हायब्रीड ऐन काढणीत पावसानं काळी पडायची, मोंढ्यात कोणी हात लावायचं नाही. मग सोयाबीन आलं. काढणीला मशीन, नगदी पैसा, पाखरं राखायची भानगड नाही. दोष कोणाला देणार? मी शेतकरी असतो तर मीही तेच केलं असतं. रब्बीची मालदांडी अजून टिकून आहे, पण ती बऱ्याच घरात कडब्यासाठी. दाणे वरकड. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' 2018 साली दिली. वाण चांगलं आहे, पण वाणानं कणगी भरत नाही.

पूर्वी नियम होता. नवं धान्य घरात आल्याशिवाय जुनं मोंढ्यावर न्यायचं नाही. आता खळ्यावरूनच गाडी भरते. फेब्रुवारी-मार्चला तीच माणसं माझ्यापुढं पट्टीवर सही करतात आणि श्रावणात त्याच मोंढ्यात भाव विचारत हिंडतात, विकलेल्या भावाच्या वर पैसे मोजून.

2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पेरा मोबाइलवर नोंदवतो. काय पेरलं ते सरकारला कळतं. घरात किती पोती आहेत ते कोणी विचारत नाही. माझं म्हणणं, आषाढात, म्हणजे घरातलं धान्य सगळ्यात कमी असतं तेव्हा, ग्रामपंचायतीनं एकदा घरोघर विचारावं. वहीची दोन पानं लागतील. त्यातून जी शिल्लक निघेल ती वजाबाकीची नसेल, थप्पीची असेल.

यंदा गावी गेलो तेव्हा आमच्या भावकीत विचारून बघितलं. चुलतभावानं एक पोतं दाखवलं, तेही अर्धं. त्याच्या शेजारच्या वहिनी हसायला लागल्या. "पोतं कुठलं भाऊजी, आम्ही पीठच आणतो दुकानातून, पाच-पाच किलो." त्यांच्याकडं तीन एकर आहे, सगळं सोयाबीन. वरच्या आळीत अजून विचारायचं राहिलंय. तिथं रब्बी जास्त पेरतात, तेव्हा पोळ्याला गेलो की ती घरं करीन.