आमची वाटचाल : तरफांची आस जपताना

घरी वाजवलेली गिटार आणि सतार इतरांना ऐकवण्याजोगी करून देणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीला ते आलेल्या फाइलपुरतंच होतं. मागचीपुढची शांतता कापायची, पातळी वाढवायची, एमपीथ्री करून पाठवायची. गिटारचं तेवढ्यावर भागायचं, सतारीचं भागेना. आमच्या कामाची दिशा बदलली ती सतारीमुळे.

सतारीला तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांच्या खाली असलेल्या आणि त्यांच्या स्वराने आपोआप झंकारणाऱ्या, ११ ते १३ तारा असतात. बाजाच्या, म्हणजे वाजवायच्या मुख्य तारेवरचा स्वर सरला की मागे त्यांची आस, म्हणजे रेंगाळणारी गुंज, उरते. ती इतकी क्षीण असते की फोनमधलं नॉइज सप्रेशन तिला खोलीतला गोंगाट समजून पुसून टाकतं. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय, शांत जागी पातळी वर ओढतो आणि मिजराबीचा (तार छेडायच्या बोटातल्या नखीचा) पुढचा आघात येताच सगळा आवाज दाबतो. अशी गेलेली आस नंतर खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. म्हणून आम्ही दुरुस्तीपेक्षा आधीच्या तयारीकडे वळलो, आणि आता वादकाला पहिल्यांदा सूचना जातात, फाइल नंतर येते.

सूचना साध्या आहेत. दोन्ही ऑटो सोयी बंद ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (न दाबलेल्या) फाइलमध्ये करा. सर्वांत जोरकस झाला (वादनातला शेवटचा द्रुत भाग) वाजवून पाहा आणि आवाजाचं शिखर −१२ ते −१० डीबीच्या आत ठेवा (० ही कमाल पातळी). गिटारसाठी माइक बाराव्या फ्रेटसमोर २०–३० सेंटिमीटरवर हवा. भोकासमोर धरला तर पोकळीतल्या हवेचा १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा सगळं झाकतो. सतारीला ४०–६० सेंटिमीटर अंतर द्या, आणि माइकचा रोख घोडीच्या थेट वर नको, खालच्या पडद्यांकडे किंचित वळवा. नाहीतर मिजराबीची टकटक पुढे आणि जवारी, म्हणजे घोडीमुळे येणारा झणझणाट, मागे राहते. पंखा बंद करून १० सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करा. गोंगाट कमी करताना तोच नमुना लागतो. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, सतारीवर आम्ही वापरतच नाही.

दोन घरांतून जुगलबंदी येऊ लागली तेव्हा सुरांचा प्रश्न पुढे आला. सतारीचा सा काळी एक (सी शार्प) असेल, तर गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सी मेजरचे आकार वाजवता येतात. पण गिटारचा शुद्ध गंधार सतारीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). सतार गंधारावर ठेहराव घेते तिथे गिटारने कॉर्डमधला गंधार सोडावा, फक्त सा-प धरावा. हा आमचा आग्रह असतो. साथीचा तानपुरा ऐकायला कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत, नाहीतर तो माइकमध्ये झिरपतो. दोन्ही फाइल जुळवता याव्यात म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी द्या: दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, आणि लांब आलापानंतर तो फरक कानाला जाणवतो.

शेवटचा हात आम्ही हलकाच ठेवतो. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला −१४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) सगळं आणतं, त्यामुळे त्याहून मोठं करण्यात काही मिळत नाही, उलट मींडेतले (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यातले) आवाजाच्या जोराचे चढउतार सपाट होतात. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, −१ डीबीवर थांबवतो. वादकाला वेव्ह, ३२० केबीपीएस एमपीथ्री आणि राग, ताल, सा व वादकांची नावं भरलेले टॅग असं सगळं एकत्र मिळतं. मूळ कच्च्या फाइलही त्यासोबत परत जातात.