वही कोरी का आहे?

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. "टीचर, वहीत काहीच दिसत नाही. आमच्या शेजारच्याची तिसरी वही संपली." लालबागच्या एका मराठी बालवाडीत मी मोठा शिशुवर्ग घेते. पालकांचा मला राग येत नाही, मूल मागे पडेल ही धास्ती खरीच असते. पण म्हणून मी वही लवकर काढतेय असंही नाही.

पाच वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत घडाघडा म्हणता येतं. घरी पाहुण्यांसमोर त्याचा कार्यक्रमही होतो. त्याच्यापुढे सात चिंचोके ठेवा आणि मोज म्हणा. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं, पाचव्या चिंचोक्यावरच 'आठ' येऊन जातात. बरं, एखाद्याने नीट सातपर्यंत मोजले, तर लगेच विचारा, "मग किती आहेत?" तो पुन्हा 'एक' पासून सुरू करतो. शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे अजून बसलेलं नसतं. तेच सात चिंचोके लांब लांब पसरले की "आता जास्त झाले!" मुलं विचार कशी करतात हे अभ्यासणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे मी परीक्षेसाठी पाठ केला होता, तो भेटला मात्र वर्गातल्या चटईवर.

यावर माझ्याकडचं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे अंड्यांचा ट्रे. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा आणि पाच-पाच खळग्यांच्या पट्ट्या कापायच्या. एका खळग्यात एकच चिंचोका. बोटाला उडी मारायला जागाच राहत नाही. दोन पट्ट्या खालीवर ठेवल्या की दहाचं घर तयार. थोड्या दिवसांनी मुलं मोजणं सोडून नुसतं बघून सांगतात: "एक पट्टी भरली आणि वर दोन, सात!" पुढे बेरजेत हेच उपयोगी पडतं. चिंचोके मिळाले नाहीत तर राजमा घ्या, पण वाटाणा-हरभरा नको. तो नाकात जातो आणि मग आपली धावपळ होते.

अक्षरांचं म्हणाल तर मी 'अ'पासून सुरुवात करत नाही. आकार जुळणारी अक्षरं एकत्र घेते. 'व' जमला की त्याच्या पोटात तिरपी रेघ मारली, झाला 'ब'. दांड्याच्या उजवीकडे शेपूट काढलं, झाला 'क'. हे आधी ताटातल्या रव्यात, बोटाने. चुकलं तर ताट हलवायचं, खाडाखोड नाही आणि खोडरबरासाठी भांडणही नाही. पावसाळ्यात रव्याला अळ्या होतात, तेव्हा चाळलेली वाळू. बोटांत ताकद यावी म्हणून कपड्यांचे चिमटे लावणं, कणीक मळणं आणि थंडीत मटार सोलणं. शेंगेत किती दाणे निघाले यावरून जी चर्चा रंगते, ती कुठल्याही वर्कशीटवर रंगलेली मी पाहिली नाही.

हजेरीच्या वेळी नावाच्या टाळ्या: वे-दि-का तीन, आ-र्या दोन. ओमला एकच टाळी मिळते म्हणून तो फुगून बसला होता. आता तो ती एक टाळी इतक्या जोरात वाजवतो की शेजारच्या वर्गातून तक्रार येते. शब्द असा तुकड्यांत ऐकू यायला लागला की 'क-म-ळ' वाचणं पुढे सोपं जातं.

यात माझं डोकं फार नाही. ताराबाई मोडकांनी १९३६ साली इथेच, दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य म्हणून वापरलं. माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणार कुणाला? आम्हालाही परवडत नाहीत, लालबागमध्ये असून.

या वेळच्या पालकसभेत मी भाषण केलं नाही. प्रत्येक जोडीला एक वाटी आणि दहा चिंचोके दिले. एकाने काही चिंचोके वाटीखाली लपवायचे, दुसऱ्याने बाहेरचे बघून आत किती ते ओळखायचं. सुरुवातीला सगळे संकोचले. मग एका आजोबांनी सूनबाईला दोनदा हरवलं आणि सभा उशिरा सुटली. वहीचा विषय निघाला शेवटी, पण "कधी देणार?" एवढ्यापुरताच. जानेवारीत, मी सांगितलं. मोठ्या चौकटींची.