गृहभेट

सोमवार, रात्रीचे साडेदहा

आज पाच गृहभेटी ठरवल्या होत्या, झाल्या दोनच. पहिली पंधरा मिनिटांत उरकली. दुसऱ्या घरी दुपारचे अडीच तास गेले, आणि आता घरी येऊन, जेवून, झाकपाक झाली तरी मन तिथल्या ओट्यावरून उठायला तयार नाही.

दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळा बुडू नये म्हणून मागे ठेवलेली लेकरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस गेलं तर तो अर्धा कोयता. मी गेले त्या घरची सून भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेली आहे. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. अकरा वर्षांचा मुलगा आजीपाशी आहे.

काम सरकारच्या बालसंगोपन योजनेचं होतं. त्यातून अशा मुलाच्या वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत महिन्याला २२५० रुपये मिळतात. आधी ११०० होते, २०२३ मध्ये वाढले. या पैशांत घर चालत नाही, पण वह्या, चपला, दवाखाना निघतो आणि मुलगा पुढच्या वर्षी आईबरोबर उसाच्या फडात जात नाही. माझ्या लेखी ही छोटी गोष्ट नाही. कागद मात्र ढीगभर. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक. नंतर बाल कल्याण समितीसमोर जायचं. आई फडात असताना हे सगळं गोळा करायचं कुणी?

"तुझ्या बापाचा दाखला कुठंय रे?" आजीनं विचारलं. मुलगा आत गेला आणि गणिताचं पुस्तक घेऊन आला. पुस्तकाला जाड कव्हर घातलेलं होतं. ते त्यानं एका बाजूनं हळूच सोडलं आणि आतून दाखला काढला. एकही घडी नव्हती. "पत्र्यातून पाणी गळतं ना, म्हणून," तो म्हणाला. "पुस्तक मी शाळंत नेतो. तिथं गळत नाही."

दोन वर्षं हा मुलगा बापाच्या मृत्यूचा दाखला दप्तरात घालून रोज शाळेत जातोय. मला पुढचा प्रश्न सुचेना.

मग मुलाच्या आईला फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आणि गाडीचा आवाज. "ताई, जरा थांबा, एवढी मोळी टाकून येते," म्हणाली. मी थांबले. ती आली, धाप लागलेली होती, आणि पहिलं विचारलं ते हे की पोरगा जेवला का.

निघताना आजीनं माझा हात धरला. "सकाळपासून हिंडतीस बाई तू. तुझ्या घरचं कोन बघतंय?"

मी म्हणाले, "सासूबाई आहेत ना."

"मग तिला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली.

एसटीत बसल्यावर तो निरोप मनात घोळत राहिला. बावीस वर्षं मी हे काम करते आहे. लोक कार्यक्रमांत शाल देतात, दोन शब्द बोलतात. सासूबाईंना नमस्कार सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी केला नाही.

पहिल्या वर्षांतली एक रात्र आठवली. दोन वाजता दार वाजलं. कपाळ फुटलेली एक बाई, कडेवर तान्हं मूल. मी लगेच नाव, गाव, तक्रार दिली का, असं सुरू केलं. सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं. तिला पाणी दिलं, मूल स्वतःकडे घेतलं, आपली गोधडी तिच्यासाठी अंथरली आणि दिवा मालवला. "सकाळी विचार काय विचारायचं ते," एवढंच म्हणाल्या. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासात मला जे कळलं नव्हतं ते त्या रात्री कळलं. पुढे २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, संरक्षण अधिकारी आले, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आली. तोवर आमच्या बाहेरच्या खोलीत किती जणी राहून गेल्या याची नोंद माझ्याकडेही नाही. त्या प्रत्येकीच्या चहात सासूबाईंच्या वाटणीचं दूध होतं.

आणि माझी लेक. ती चौथीत असताना तापानं फणफणली होती आणि मी एका मुलीचं लग्न थांबवायला दोन तालुके ओलांडून गेले होते. लग्न थांबलं. ती मुलगी आज नर्स आहे. पण त्या रात्री लेकीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलायला मी नव्हते, सासूबाई होत्या. लेक कधी बोलून दाखवत नाही. तिनं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

अशा वेळी मला बाया कर्वे आठवतात, महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी. अण्णासाहेबांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुढे तो हिंगण्याला गेला आणि कॉलेजात शिकवून झालं की ते पुण्याहून तिथं पायी जात. स्वतःच्या विम्याचे ५००० रुपयेही त्यांनी संस्थेला देऊन टाकले. हे आपण शाळेत आदरानं शिकतो आणि शिकावंच. पण तो विमा नवऱ्यामागे ज्या बाईच्या आणि मुलांच्या कामी यायचा, तिनं त्या दिवशी घरात काय केलं असेल? बाया स्वतः बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या होत्या. १८९३ मध्ये पुनर्विवाह केला म्हणून दोघांनीही गावाचा बहिष्कार सोसला. म्हणजे काम त्यांना पटलेलं होतं. पटलेलं असूनही महिनाअखेर डबे रिकामे दिसतातच. अण्णांना १९५८ साली भारतरत्न मिळालं तेव्हा बाया हयात नव्हत्या.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. ह्यांनी भाकऱ्या केल्या होत्या. सासूबाई खाटेवर बसून होत्या. हल्ली त्यांना विसरायला होतं, दुपारी जेवल्या की नाही तेही आठवत नाही. मी पाय धुऊन त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, एका आजीनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"कोन गं?"

"तुम्ही नाही ओळखत. तिचा नातू आहे अकरा वर्षांचा, त्याच्या कागदांसाठी गेले होते."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, विषय निसटला. मग म्हणाल्या, "जेवला का तो?"

आता समोर गृहभेट अहवाल आहे. घराचा प्रकार: पत्र्याचं, एक खोली, गळकं. कुटुंबातील व्यक्ती: तीन, पैकी एक स्थलांतरित. शेवटच्या रकान्यात माझा अभिप्राय लिहायचा, तो लिहिला: आजी मुलाची काळजी मनापासून घेते, मुलगा नियमित शाळेत जातो, लाभ तातडीने मिळावा. दाखल्याचं लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथं लिहून ठेवलं. मुलासाठी एक प्लॅस्टिकची फाइल पिशवीत टाकली आहे, कागद पाण्यापासून जपायला.

उद्या सकाळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला जायचं. गुरुवारी कुठलीही भेट ठेवायची नाही, आईंना डोळे दाखवायला न्यायचं तीन महिन्यांपासून राहिलंय. लेकीला फोन करायचा होता, पण ती आता झोपली असेल. तरी करून बघते.