एका पेटीत दोन फुलरेंज कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

फुलरेंज म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकट्याने वाजवणारा स्पीकर, कोन म्हणजे त्याचा हलणारा कागदी शंकू. माझ्या पेटीत असे दोन आहेत. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. "फुलरेंजची सगळी मजा एकच कोन आणि मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही, यात. मग एका पेटीत दोन कशाला? आणि तेही वेगवेगळ्या जातीचे?" याला हमखास जोडून येतं ते, "भाबडेपणा आहे हा. त्यापेक्षा सरळ टू-वे, खालच्या सुरांना एक आणि वरच्यांना दुसरा स्पीकर, असं का नाही करत?" इथे माझं डोकं सटकतं, कारण असं म्हणणाऱ्याला उत्तर नकोच असतं. तरी एकदाचं लिहून टाकते.

वर डायटोनचा पी-६१०, १६ सेंटिमीटरचा. खाली फिलिप्सचा ९७१०, आठ इंची, मध्ये व्हिझर, म्हणजे वरच्या सुरांसाठीचा छोटा कोन, असलेला. दोन्ही अल्निको चुंबकाचे, दोन्ही पॅरलल जोडलेले. या जुन्या ड्रायव्हरांचे, म्हणजे पेटीतल्या स्पीकरांचे, कोन हलके, म्हणून दोन-तीन वॉटवरही बोलायला लागतात. पण पुढेमागे सरकायला जागा जेमतेम. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट हलावं लागतं, आणि ते यांच्या अंगात नाही. हलता येत नसेल तर जास्त कागद लावा, म्हणजे दुसरा कोन लावा. शिवाय माझी पेटी ४० सेंटिमीटर रुंद. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली आवाज तिला वळसा घालून मागे पसरतो, आणि समोर बसलेल्याला खालच्या सुरांत सहा डेसिबलपर्यंत कमी मिळतं. दुसरा कोन ती तूट भरून काढतो. एवढंच गणित आहे. यात भाबडेपणा कुठे आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

वेगवेगळ्या जातीचे का? कारण साठ वर्षांनंतर 'जोडी' ही फक्त विकणाऱ्याच्या तोंडात उरते. माझ्याकडच्या दोन ९७१०पैकी एकाचा रेझोनन्स, म्हणजे कोन आपसूक घुमतो तो सूर, ५० हर्ट्झच्या आसपास निघाला, दुसऱ्याचा ६५च्या पुढे. एकाची कडा ताठरली असेल, दुसऱ्याचा स्पायडर, कोनला मागून धरून ठेवणारी चकती, सैलावला असेल. डेटाशीट बघून उपयोग नाही. हे ड्रायव्हर आखले गेले तेव्हा स्पीकर आणि पेटीचं गणित मांडणारा थीलचा १९६१चा निबंध यायचा होता आणि स्मॉलचं काम तर १९७०च्या दशकातलं. क्यूटीएस, व्हीएएस, त्या गणिताला जे आकडे हवेत ते प्रत्येक नगाचं आपणच मोजायचं. जुळे नाहीतच म्हटल्यावर मुद्दाम वेगळे घेतलेले बरे. दोन रेझोनन्स दोन ठिकाणी पडले की एकाच सुरावर पेटी घुमत नाही.

सिरीजमध्येही जोडून पाहिलेत. ज्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ज्या फ्रीक्वेन्सीला चढतो, तो तिथे जास्त व्होल्टेज ओढून घेतो. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या रेझोनन्सवर फुगतो. बास भरपूर आला, पण कुठल्या गाण्यातला ते ओळखू येईना. सोडून दिलं.

आता त्या संध्याकाळचं. जे मला ओळखतात ते याच्याभोवतीच घुटमळतात, पण थेट विचारत नाहीत.

एक मित्र मोजायचा मायक्रोफोन घेऊन आला होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, एका बाईचं गाणं लावलं, सोबतीला फक्त पियानो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मी खूश. मग पाणी घ्यायला म्हणून उठला आणि अर्ध्या वाटेत थांबला. "ही गेली कुठे?" गाणारी बाई. बसला, ती परत आली. उठला, ती पडद्याआड गेली. मग त्याने तीच कवायत तीनदा केली, माझ्याकडे न बघता.

मी म्हणाले, "गाणं उभं राहून कोण ऐकतं?"

त्याने उत्तर दिलं नाही, माइक उभ्या माणसाच्या कानाइतका उंच केला. दोन कोनांच्या मध्यांत २२ सेंटिमीटरचं अंतर. दोन मीटरवर बसलेल्या कानाला दोघांचा आवाज जवळपास एकदम पोचतो. उभं राहिलं की खालच्याला सात सेंटिमीटर जास्त चालावं लागतं, आणि त्या हिशेबाने २४५० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात. स्क्रीनवर नेमका तिथेच खड्डा होता, विहिरीसारखा. मानवी आवाजाची स्पष्टता ज्या पट्ट्यात असते, तिथे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन कोनांचा आवाज असा एकमेकांना खोडतो ते कॉम्ब फिल्टरिंग काय असतं ते पेटी कापायच्या आधी वाचलं होतं, कागदावर काढलंही होतं. लागलं ते पुढचं. तो म्हणाला, "डोळे मिट." मी मिटले. मागे काहीतरी खुडबुडला. गाणं परत सुरू झालं आणि मी म्हणाले, "हां, आता बघ, कशी समोर उभी आहे!" डोळे उघडले तर फिलिप्सची वायर त्याच्या हातात होती. वाजत होता एकटा डायटोन.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं आजही हेच की ते एका आवाजाचं, एका गाण्याचं उत्तर होतं. त्या वेळी डबल बास लावला असता तर मीच आधी "काय काढलंस?" म्हणून ओरडले असते. तोही हे मान्य करतो. पण ज्या क्षणी मी "समोर उभी आहे" म्हणाले तो क्षण काही या युक्तिवादाने पुसला जात नाही.

महिनाभर पेटीवर चादर होती. मग फिलिप्सच्या वाटेत पावणेचार मिलिहेन्रीची कॉइल घातली. ३०० हर्ट्झच्या वर तो हळूहळू गप्प होतो, खाली दोघं मिळून वाजवतात. खड्डा जवळजवळ बुजला. बाई उभी राहूनही ऐकू येते.

मग हा क्रॉसओव्हरच झाला ना, असं एक मुलगी विचारते. झाला. माझ्या जुन्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "कॉइल लावायची वेळ आली तर पेटी फोडेन." त्या मुलीला मी सांगते की डायटोनच्या वाटेत अजून काहीही नाही, तो पूर्ण मोकळा आहे. ती म्हणते, फिलिप्सचा व्हिझर मग कशासाठी मिरवतेस? त्याच्यासाठीच आणला होतास ना? याला माझ्याकडे उत्तर नाही. कॉइलच्या तारेचा ओहमभर रेझिस्टन्स फिलिप्सचा क्यू, म्हणजे रेझोनन्सवर घुमत राहायची खोड, वाढवतो, बास जरा सैल होतो. आणि व्हायोलिनवर तो व्हिझर जी धार द्यायचा, ती गेली. मागे एक स्विच बसवलाय, कॉइल वगळायला. पाहुणे असले की कॉइल, एकटी असले की बहुतेक नाही.

सध्या डोक्यात आहे ते फिलिप्स मागच्या फळीवर लावायचं. त्याच पोलॅरिटीत, कॉइलशिवाय, तोंड भिंतीकडे. खालचे सूर तसेही वळसा घालून पुढे येतील, वरचे डायटोनला थेट येऊन भिडणार नाहीत, व्हिझरही कामाला लागेल. मित्र म्हणतो भिंतीवरून परतणारा आवाज नवे खड्डे पाडेल, आणि या वेळी ते बसलेल्यालाही ऐकू येतील. मी म्हटलं, पेटी भिंतीपासून मीटरभर पुढे ओढू. तो म्हणाला, मग खुर्ची कुठे ठेवणार? त्यावर अजून भांडण चालू आहे. फळीला भोक मात्र पाडून झालंय.