पिक्चरसोबत खालची अक्षरंही वाचवा

डीव्हीडीवरचा पिक्चर पेनड्राइव्हवर घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: चित्र स्वच्छ आहे ना, आणि फाइल किती जीबीची झाली. खालची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, आली की नाही, हे कोणी तपासत नाही. आमच्या घरात मात्र सगळ्यात आधी तेच तपासतात.

कारण आमचे नाना. अमळनेरला कापड गिरणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली, तीही साचेखात्यात, म्हणजे मागांवर. त्या खात्यातला खडखडाट ज्याने ऐकलाय, त्याला पुढचं सांगायला नको. आता कानाला मशीन लावूनही त्यांना संवाद कळत नाहीत, पण नजर शाबूत आहे आणि इंग्रजी वाचायची सवयही. हिंदी काय, मराठी काय, ते पिक्चर इंग्रजी सबटायटल्सवर बघतात. जळगावला गेलो की गोलाणी मार्केटमधून डिस्का आणायचो, तेव्हाही कव्हर उलटं करून मागे सबटायटल्स छापलेत का, हे आधी बघायचं असा त्यांचा हुकूम.

पुढे डिस्का अडकायला लागल्या. खान्देशातला मे महिना आणि पत्र्याखालची खोली, त्यात प्लास्टिकची काय कथा! एका दुकानदाराने सगळ्या डिस्का पेनड्राइव्हवर करून दिल्या. चित्र छान, आवाज छान. नाना पाच मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "खालना अक्षरं कोठे गयात रे?" तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, आणि इतरांनीही असंच करावं असं मला मनापासून वाटतं. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी अक्षरांशिवायचा पिक्चर म्हणजे नुसती हलणारी तोंडं.

आधी हे समजून घ्या की डीव्हीडीवरची सबटायटल्स ही अक्षरं नसतातच, ती चित्रं असतात. प्रत्येक ओळीचं एक छोटं चित्र, त्यात फार तर चार रंग, आणि ते कधी दाखवायचं याची वेळ. एका डिस्कवर असे 32 ट्रॅक मावतात. त्या चित्रांचे रंग मात्र ज्यात पिक्चर असतो त्या व्हीओबी फाइलमध्ये नसतात, ते शेजारच्या आयएफओ फाइलमध्ये असतात. म्हणून नुसत्या मोठ्या व्हीओबी फाइली उचलून आणल्या की अक्षरं भलत्याच रंगात उमटतात, कधी काळ्यावर काळी. कॉपी करायचं तर अख्खं व्हिडिओ टीएस फोल्डर करा.

मी दोन टप्प्यांत काम करतो. आधी मेकएमकेव्ही या प्रोग्रॅमने डिस्क जशीच्या तशी एमकेव्हीमध्ये, म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये, उतरवून घ्यायची. त्यात चित्राचा दर्जा कमी होत नाही आणि सबटायटल्सचे हवे ते ट्रॅक टिकवून ठेवता येतात. मग हँडब्रेक या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल लहान करायची. तिथे सबटायटल्सचा वेगळा टॅब आहे. तो उघडून हवा तो ट्रॅक स्वतः निवडा आणि 'बर्न इन'ची खूण काढून टाका. बर्न इन म्हणजे अक्षरं चित्रातच कायमची छापली जातात. मग ती बंद करता येत नाहीत, मोठी करता येत नाहीत, आणि पुढे कधी वेगळी काढायची म्हटली तर फार जिकिरीचं होतं. शेवटची फाइलही एमकेव्हीच ठेवा. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटल्स एमपी4 मध्ये जातच नाहीत, आणि डीव्हीडीची गेली तरी फार थोडे प्लेयर ती दाखवतात.

यादीत कधी 'इंग्लिश' दोनदा दिसतं. दोन्ही उघडून बघा. त्यातला एक बरेचदा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतो: दार वाजलं, फोन वाजला, मागे गाणं सुरू आहे, हेही त्यात लिहिलेलं असतं. नानांना तोच हवा असतो. दाराकडे सगळे एकदम का वळले, हे त्यांना त्यामुळे कळतं.

आता खरं कष्टाचं काम. आमच्या टीव्हीच्या यूएसबीवर चित्ररूप सबटायटल्स दिसतच नाहीत, त्याला एसआरटी म्हणजे साधा मजकूर लागतो. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची सोय, आहे. ते एकेक चित्र वाचून अक्षरं टाइप करत जातं. चुका ठरलेल्या: इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल यांची अदलाबदल, आर आणि एन जवळजवळ आले की त्यांचा एम. तिरप्या अक्षरांत तर जास्तच. वरच्या पट्टीत मूळ चित्र आणि खाली वाचलेला मजकूर दिसतो, त्यामुळे ओळ न् ओळ ताडून घेता येते. वेळ जातो, पण घाई करू नका. नानांना एक चुकीचा शब्द दिसला की ते पिक्चर थांबवून विचारतात.

इंटरनेटवरून तयार एसआरटी उतरवून घ्यावी असं वाटेल. पण सिनेमा मुळात सेकंदाला 24 चौकटींचा, आणि पाल डिस्कवर, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर, तो बहुधा 25 ने पळतो. दोन तासांचा पिक्चर साधारण पाच मिनिटं आधी संपतो. म्हणजे सुरुवातीला अक्षरं बरोबर आणि शेवटी पार मागे. व्हीएलसी या प्लेयरमध्ये जी आणि एच बटणांनी सबटायटल्सची वेळ मागेपुढे होते, पण वाढत जाणारा फरक त्याने जात नाही. त्यासाठी सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलावा लागतो. आपल्याच डिस्कमधून काढलेल्या सबटायटल्सना हा त्रास नाही.

एसआरटीला पिक्चरच्या फाइलचंच नाव द्या आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे टीव्ही ती आपोआप उचलतो. रिमोटवरून अक्षरं मोठीही करता येतात. चित्ररूप मूळ ट्रॅक मात्र एमकेव्हीत राहू द्या. तो काही एमबींचाच असतो.

एकदा मजकूर हाती आला की त्याचं मराठीही करता येतं. सध्या एका बंगाली पिक्चरच्या इंग्रजी ओळींवरून मी मराठी एसआरटी लिहितोय, आईसाठी, तिला इंग्रजी येत नाही. तुम्हीही लिहिणार असाल तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.