तुम्ही विचारलंत म्हणून: सनद का काढली नाही

एलएलबी झालीस, मग वकिलीची सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, का काढली नाहीस? हा प्रश्न मला एलएलबी झाल्यापासून विचारला जातोय, पण जुलै २०२४ नंतर त्याला नवा जोर आला. त्या महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकिलांची नोंदणी करणाऱ्या बार कौन्सिलांनी सनदेसाठी कायद्यात लिहिलंय तेवढंच शुल्क घ्यायचं. म्हणजे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५. त्याआधी कुठे पंधरा हजार घेत, कुठे बेचाळीस. संध्याकाळपर्यंत तीच बातमी मला चार जणांनी पाठवली होती. चुलतदिरांनी तर फोनच केला. "वहिनी, साडेसातशे रुपयांत वकील! आता काय अडचण?"

पैशांची अडचण नव्हतीच हो. २०१८ साली मी एका पाकिटात पंधरा हजार बाजूला काढून ठेवले होते, वर पेनाने 'सनद' लिहून. पुढे त्यातून गीझर आला. पाकीट अजून आहे, त्यात लाइटची बिलं ठेवते.

वयाचंही कारण नाही. २१ पूर्ण हवं, वर मर्यादा नाही. पंचेचाळिशीनंतर सनद द्यायची नाही असा नियम एकदा झाला होता, तो १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आणि "परीक्षेला घाबरली असेल" म्हणणाऱ्या जाऊबाईंसाठी: वकिलांची ती अखिल भारतीय बार परीक्षा, मी सनद काढायला निघाले होते त्या काळात, सनद हातात पडल्यावर द्यायची असे, दोन वर्षांच्या आत. १०० प्रश्न, साडेतीन तास, चुकलं तरी गुण कापत नाहीत. मी त्या परीक्षेपर्यंत पोहोचलेच नाही, तर घाबरणार कधी?

मी नोकरीत होते, आणि आहे. एवढंच कारण. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, आणि सनदेच्या अर्जाबरोबर आपण नोकरी-धंद्यात नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आमच्या महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलचा नियम तर इतका कडक, की डॉ. हनिराज चुलानी नावाच्या डॉक्टरांना डॉक्टरकी चालू ठेवून सनद हवी होती, ती नाकारली गेली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि १९९६ साली हरले. हा निवाडा आम्हाला अभ्यासाला होता. मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहून आले होते आणि त्यात कोर्टाची बाजू फार हिरिरीने मांडली होती. वकिली हा पूर्ण वेळ मागणारा व्यवसाय आहे, वगैरे. तेव्हा माझा पगार २६ हजार होता आणि पेपरला बसायला मी रजा टाकली होती.

आता तो दिवस सांगते. इतकी वर्षं टाळला.

डिसेंबर २०१८, शुक्रवार. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, 'घरगुती काम' असं कारण लिहून. जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी नोटरी बसतात, त्यांतल्या एकांकडे गेले. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप झालेला होता. त्यांच्याकडे नमुना तयारच असतो, नाव-वय-पत्ता बदलला की झालं. टेबलावर शिक्क्यांचं स्टँड, जाड रजिस्टर आणि खालच्या प्रतिज्ञापत्रांवर वजन म्हणून ठेवलेला डबा, त्याला कांद्याचा वास. मी वाचायला लागले. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. माझ्यावर फौजदारी गुन्हा नाही, बरोबर. चौथ्या परिच्छेदात, मी कोणत्याही नोकरीत, धंद्यात वा व्यवसायात नाही.

"ताई, वाचत काय बसलात, सगळ्यांचं सेमच असतं. आधार दाखवा."

पर्समधून आधार कार्ड ओढलं तर त्याच्याबरोबर ऑफिसचं ओळखपत्र बाहेर आलं, निळ्या पट्टीसकट. पट्टीवर संस्थेचं नाव, दर चार बोटांवर एकदा. ते नेमकं स्टॅम्प पेपरवरच पडलं. नोटरींनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मायेने म्हणाले, "ते आत ठेवा."

मी ठेवलं. हे लक्षात घ्या, मी ते मुकाट्याने आत ठेवलं आणि पर्सची चेनसुद्धा लावली. त्यांनी पेन पुढे केलं, कुठे सही करायची तिथे बारीक फुली मारून दिली. मी पेन हातात घेतलं. मागे एक माणूस जमिनीचे कागद घेऊन उभा होता, त्याला घाई होती, तो सारखा खाकरत होता. पेन किती वेळ हातात होतं सांगता येणार नाही. मग मी म्हणाले, "साहेब, नवऱ्याला एकदा विचारून येते." आयुष्यात साडी घेताना मी नवऱ्याला विचारलेलं नाही. टायपिंगचे पैसे दिले, कागद घडी न करता फाइलमध्ये घातला आणि रिक्षा करून घरी आले. घरी कुणालाच काही विचारलं नाही.

सोमवारी ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. "मॅडम, असं कोण बघतं?" माझ्याबरोबर शिकलेली एक जण तेच प्रतिज्ञापत्र देऊन सनद घेऊन बसली आहे, नोकरीही चालू आहे. तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझी आई मात्र सगळ्या नातेवाइकांना सांगते, "आमची खोटं लिहून द्यायला तयार झाली नाही."

आई, हे ऐकायला मला आवडतं, पण ते खरं नाही. कॉलेजात सत्तर टक्के हजेरी लागते. मी वसुली विभागात साडेनऊ ते सहा काम करत होते, आणि लेक्चर सकाळी आठ ते साडेअकरा. पहिल्या तासाला बसून मी निघायचे. माझी सत्तर टक्के कशी भरली? तीन वर्षं, सहा सेमिस्टर, दर वेळी फॉर्मवर मीच सही करत होते. तेव्हा पेन अडखळलं नाही. मग डिसेंबरमध्येच हरिश्चंद्र कुठून अंगात आला?

खरं सांगायचं तर भीती वाटली. हजेरीचा कागद कॉलेजात राहतो. प्रतिज्ञापत्र ही शपथ आहे. उद्या एखाद्या थकबाकीदाराने चिडून तक्रार केली तर सनदही जाईल आणि नोकरीही, असा हिशेब मी त्या फुलीकडे बघत केला. तत्त्व वगैरे नंतर सुचलं. रिक्षात बहुधा.

"मग नोकरी सोडायची होती," हे सगळ्यात सोपं उत्तर मला तेवीस वर्षांची मुलं देतात. मी विचारून पाहिलं होतं. एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी महिना चार हजार देईन म्हटलं, वर "शिकायला मिळतंय ना" हेही. घराचा हप्ता चौदा हजार होता. पण हप्ता नसता तर मी सोडली असती का? छत्तिसाव्या वर्षी पोरांच्या मागे फाइली घेऊन उभं राहायचं, तारीख मागायची, "मॅडम ज्युनियर आहेत" म्हणून ओळख करून घ्यायची. ते मला जमलं असतं की नाही, या प्रश्नाला मी हप्त्याच्या आड लपून बसले असेन. कधी वाटतं तसं, कधी वाटतं हप्ता हप्ताच असतो.

ऑफिसात मी सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीची, प्रकरणं तयार करते. जामीनदारांच्या नोटिसा, खातेउतारे, वसुली दाखल्याचा अर्ज, सगळं. पॅनेलवरचे वकील माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. परवा सहनिबंधकांपुढे माझाच मसुदा वाचताना एका वाक्याला अडखळले. मी मागच्या बाकावर होते. ओठांवर पुढचं वाक्य होतं. बोलायचा अधिकार नव्हता.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. शेवटच्या वर्षाला आहे, एका कंपनीत काम लागतंय. "मावशी, त्या प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं गं?" मी तिला म्हटलं, नेटवर्क नाही, उद्या करते. त्याला आता नऊ दिवस झाले.

निवृत्तीला चौदा वर्षं आहेत. मागच्या महिन्यात भारतीय न्याय संहितेची प्रत आणली, खाकी कव्हर घातलं. आम्ही घोकलेलं फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. तो बिनसहीचा स्टॅम्प पेपरही त्याच पुस्तकात ठेवला आहे, फुलीसकट.